आठ फेऱ्या

"साहेब, काही हरवलंय का?"

बेंडकुळेनं हे विचारलं तेव्हा माझी तिसरी फेरी चालू होती. तो जुळणी विभागाचा सुपरवायझर. सगळा हॉल त्याच्या नजरेखाली असायचा, आणि त्या हॉलमधून भर दुपारी एक अधिकारी नुसता चालत जातोय, हातात कागद नाही, बरोबर पाहुणे नाहीत, हे काही त्याला पटत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "चालतोय."

"कुठं?"

"कुठं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्याला हसू आलं. ते आवरत त्यानं मान डोलावली आणि बाजूला झाला. मी पुढं निघालो.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली. नाशिकला सातपूरमध्ये आमची कंपनी होती, विजेचे मीटर बनवणारी. मी तिथं वर्क स्टडी खात्यात होतो. म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं आणि तो कमी कसा होईल ते सांगायचं. लोक मला गर्गेसाहेब म्हणत, आणि माझ्या मागं 'घड्याळ' म्हणत. ते मला माहीत होतं. वाईट वाटायचं नाही. मी त्या कामात चांगला होतो.

त्या महिन्यात कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही. डॉ. अहिररावांनी रिपोर्ट बघत विचारलं, "वडील आहेत?"

"नाहीत. मी कॉलेजात असताना गेले. हार्ट."

"किती वर्षांचे होते?"

"बेचाळीस."

"आणि तुम्ही?"

"एकेचाळीस पूर्ण."

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "दिवसभर बसता ना? उठायचं. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं चालायचं. झपझप. आणि कामाच्या वेळेत. घरी गेल्यावर चालतो म्हणणारा माणूस चालत नाही, हे मी वीस वर्षं बघतोय."

त्या दिवसापासून मला खुर्चीवर बसवेना. बसलो की छातीतले ठोके ऐकू यायचे. मीटिंगमध्ये टेबलाखाली पाय हलत राहायचा. घरी जेवताना शैला म्हणायची, "अहो, ताट हलतंय." एक वर्ष. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. वडिलांचं वय गाठायला एक वर्ष.

बाहेर चालायची सोय नव्हती. आवारात ट्रक यायचे-जायचे, सावली कुठंच नाही. जुळणीच्या हॉलमध्ये मात्र गुळगुळीत फरशी होती, डोक्यावर पंखे होते आणि कडेनं पिवळा पट्टा मारलेली रुंद वाट होती. मी मोजून बघितलं. एक फेरी दोनशे साठ पावलांची. आठ फेऱ्या मारल्या की वीस मिनिटं. दुपारी बाराला आठ आणि चारला आठ.

आमचे वर्क्स मॅनेजर बक्षी साहेब. त्यांना विचारलं तर ते खूशच झाले. "बिनधास्त चाल. तू आजारी पडून आम्हाला परवडणार नाही. आणि तू दिसलास ना, की बायकांचे हात आपोआप भरभर चालतील."

हॉलमध्ये बायकांच्या तीन रांगा होत्या, एकेकीत बावीस. प्रत्येकीच्या पुढ्यात गोल भिंग, भिंगाखाली मीटरचा सांगाडा, हातात सोल्डरिंगची तापलेली कांडी. तारेचं टोक जागेवर चिकटवायचं आणि सांगाडा पुढं सरकवायचा. त्रेचाळीस सेकंद. रांगेच्या सुरुवातीला एका खिळ्याला लाल प्लॅस्टिकचा बिल्ला टांगलेला असे. कुणाला उठायचं असलं तर बिल्ला घेऊन जायचं, चार मिनिटांत परत आणून टांगायचं. रांगेला बिल्ला एकच. तो बाहेर असला की बाकीच्या एकवीस जणींनी थांबायचं.

मथुरा पगारे तिसऱ्या रांगेत अगदी शेवटी बसायची, पिवळ्या पट्ट्याला लागून. चाळिशीची, सडपातळ, चष्म्याला मागं दोरी बांधलेली. डावा पाय ती पुढ्यातल्या खोक्यावर ठेवायची. चौथ्या दिवशी मी तिच्या जवळून जाताना ती मान वर न करता म्हणाली, "साहेब, एक विचारू?"

"विचारा," मी म्हटलं, पण थांबलो नाही. मधेच थांबायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती विचारेपर्यंत मी पुढं गेलो होतो.

पुढच्या फेरीला तिनं माझी वाटच बघितली. "रोज चालता, ते कशापायी?"

"साखर आहे मला."

आणखी दोनशे साठ पावलं. "चालल्यानं जाती?"

"आटोक्यात राहते म्हणतात."

सहाव्या फेरीला ती म्हणाली, "मला पण डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय. पाय सुजतो माझा. तासातासाला उठून पाच मिनिटं फिरा म्हणले."

"मग फिरायचं ना," मी जाता जाता म्हटलं.

सातव्या फेरीला उत्तर तयार होतं. "बिल्ला हाती लागला की फिरते."

आजूबाजूच्या चार-पाच जणी खुदखुदल्या. मीही हसलो. हसत हसत आठवी फेरी पूर्ण केली आणि केबिनमध्ये येऊन नाडी मोजली. एकशे चार. डॉक्टरांनी सांगितली होती तेवढीच.

नंतर मी गेलो की ती मान किंचित हलवायची, मीही हलवायचो. महिनाअखेरीला एका दुपारी चहाच्या वेळी तिनं मला थांबवलं. हॉलमध्ये चहा जागेवरच यायचा. तिनं कप बाजूला ठेवला आणि साडीची कड घोट्यापर्यंत वर केली.

"बघा तरी."

डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती. कातडी ताणून चकचकीत झालेली.

"एकच पाय?"

"एकच. दुखतो पण. रात्री नाही, इथं बसल्यावर."

"डॉक्टरांना परत दाखवा."

"दाखवला. शिरा धरल्यात म्हणाले. आणि तेच, चाला." तिनं साडी खाली केली. "साहेब, तुम्ही वर सांगा ना. तुमचं ऐकतात ते. बिल्ला तुम्हीच काढलाय ना?"

"हो," मी म्हटलं.

तो मीच काढला होता. चार वर्षांपूर्वी तीन आठवडे मी त्या हॉलच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो होतो, मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. कोण कधी उठते, किती वेळानं येते, सगळं टिपलं. एका वेळी चार-पाच जागा रिकाम्या असायच्या. रांगेला एक बिल्ला, चार मिनिटं, ही युक्ती माझी. चहा जागेवर नेऊन द्यायची कल्पनाही माझीच. उत्पादन इतकं वाढलं की बक्षी साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली होती.

मथुराच्या आवाजात राग नव्हता. बिल्ला माझा, म्हणून तिनं मला विचारलं होतं, एवढंच. "बघतो," म्हणालो आणि चालू लागलो.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. त्या संध्याकाळी जुन्या वह्या काढल्या. आकडे माझेच होते, पण मी ते तसे कधी वाचले नव्हते. सकाळी त्रेचाळीस सेकंदांत होणारं काम दुपारी तीननंतर बावन्न सेकंदांवर जात होतं. बसून बसून हात जड होत होते. दर तासाला पाच मिनिटं बायका उठल्या, फिरल्या, तर हे नऊ सेकंद परत मिळणार होते. कंपनीचं एका मीटरचंही नुकसान नव्हतं. मी दोन पानांचं टिपण लिहिलं. सुरेख झालं होतं. शैलाला वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ते टिपण घेऊन बक्षी साहेबांकडे निघालो, तर तेच माझ्या केबिनच्या दारात उभे. "तुझं नाव पुण्याला कळवलंय मी. हेड ऑफिसला वर्क स्टडीचा प्रमुख. एप्रिलचा आकडा गाठला की पक्कं समज. फक्त या महिन्यात नवीन काही काढू नकोस."

टिपण माझ्या हातात होतं. त्यांनी विचारलंही नाही ते काय आहे. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आठवड्यानं शैलानं विचारलं, "दिलंत का ते?"

"योग्य वेळ येऊ दे."

"कुणाची?"

मी पाणी प्यायला उठलो.

आणि मग मी वाट बदलली. हे सांगायला अजून जड जातं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी हॉलमधून जायचं बंद केलं. स्टोअरच्या मागं, भंगाराच्या पिंपांमधून एक कच्चा रस्ता होता, तिथं जाऊ लागलो. चाळीस डिग्री उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. बुटात खडे जायचे, शर्ट पाठीला चिकटायचा. वॉचमन मला बघून पाण्याची बाटली पुढं करायचा आणि म्हणायचा, "साहेब, आत पंखे आहेत की." मी म्हणायचो, ऊनही चांगलं असतं. पायांना चैन नव्हतं, डोक्याला त्याहून नव्हतं. फेऱ्यांचा हिशेब चुकायला लागला. पाच झाल्या की सहा? मग परत पहिल्यापासून.

बावीस एप्रिलला त्या कच्च्या रस्त्यावर भंगार उचलायला ट्रक आला आणि वाट अडली. आज एक दिवस सोडून द्यावं, असं मनात आलं. पण सोडायची भीती वाटली. हॉलमध्ये शिरलो. मान खाली घालून भरभर चालायचं, असं ठरवलं.

पहिली फेरी झाली. दुसरीही झाली. मथुरानं वर बघितलं नाही. तिसऱ्या फेरीला मी तिच्या जागेपाशी आलो तेव्हा ती उभी होती. कांडी स्टँडवर ठेवलेली, भिंगाचा दिवा बंद केलेला.

"चला," ती म्हणाली आणि माझ्याबरोबर चालू लागली.

तिच्या हातात बिल्ला नव्हता.

मी थांबलो नाही. काय करावं ते कळलं नाही म्हणून चालत राहिलो. ती डाव्या पायावर लचकत होती, तरी बरोबरीनं येत होती. तिच्या रबरी चपलांचा फट्फट् आवाज सगळ्या हॉलमध्ये ऐकू येत होता, कारण बाकीचे आवाज कमी कमी होत चालले होते. आम्ही दुसऱ्या रांगेच्या टोकाला वळलो तेव्हा बायकांनी हात थांबवून बघायला सुरुवात केली होती.

"मथुराबाई, हे बरोबर नाही," मी हळूच म्हटलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय," ती म्हणाली. तिला धाप लागली होती, पण चेहऱ्यावर एक वेगळंच तेज होतं. "माझी आई आहे गावाकडं, पेठला. पासष्ट झाली तिला. रानात दिवसभर फिरती. तिचे पाय बघा. काडीसारखे, पण कधी सुजले नाहीत. आणि मी? पंख्याखाली बसते मी. तिला सांगते, तर तिला खोटं वाटतं."

"मी लिहिलंय टिपण. देणार आहे."

"कधी?"

"मे महिन्यात."

एक फेरी पुरी झाली. ती स्वतःच्या खुर्चीजवळून गेली आणि बसली नाही. पुढं निघाली. तेवढ्यात समोरून बेंडकुळे आला. तो मुळात वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"मथुराबाई, बिल्ला कुठाय?"

"साहेबांबरोबर आहे मी. त्यांना विचारा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तिनं बघितलं. बाकीच्या पासष्ट बायका बघत होत्या. वरच्या मजल्यावर बक्षी साहेबांच्या केबिनची काच होती, तिथं ते उभे होते की नव्हते हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी वर बघितलंच नाही. मी हातातल्या घड्याळाकडं बघितलं. बारा वाजून सोळा मिनिटं.

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा आहे, मथुराबाई. जागेवर बसा."

ती मग मागं फिरली, आपल्या जागेपर्यंत गेली, दिवा लावला.

आणि मी माझ्या उरलेल्या चार फेऱ्या पूर्ण केल्या.

चार दिवसांनी, शनिवारी, साडेअकराच्या सुमाराला हॉलमधून आरडाओरडा ऐकू आला. मी धावलो. मथुरा खुर्चीतून खाली घसरली होती. शुद्ध होती, पण श्वास पुरत नव्हता. तोंड उघडं, ओठ निळसर. शेजारणी पदरानं वारा घालत होत्या. मी आणि बेंडकुळेनं तिला उचललं, कंपनीच्या जीपमध्ये घातलं. बेंडकुळे पुढं बसला, मी मागं, तिचं डोकं धरून. त्र्यंबक नाक्यापर्यंत ती एकच वाक्य बोलली. "पायाला हात लावू नका, साहेब."

बेंडकुळे मागं न वळता म्हणाला, "बुधवारी मी मेमो दिला त्यांना. जागा सोडल्याबद्दल. सही घेतली त्यांची." मग थोड्या वेळानं म्हणाला, "द्यायलाच लागतो ना साहेब?"

हॉस्पिटलमध्ये तिला आत नेलं. तिची मुलगी नर्सिंग शिकत होती, ती पांढऱ्या कपड्यांतच धावत आली आणि माझ्याकडं न बघता आत गेली. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होतो. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. किती वेळ, माहीत नाही. मध्येच लक्षात आलं की मी पावलं मोजतोय. भिंतीला टेकून उभा राहिलो.

दोन तासांनी एक तरुण डॉक्टर बाहेर आले. "पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. तिचा तुकडा फुप्फुसात गेला. आज रात्र काढली तर वाचतील."

"कशामुळं होतं असं?"

"कारणं बरीच असतात. काम काय करतात त्या?"

"बसून करायचं काम आहे."

"किती तास बसतात एका जागी?"

मला ते अगदी अचूक सांगता आलं असतं, मिनिटांसकट. त्या हॉलमधल्या कुठल्याही बाईबद्दल सांगता आलं असतं. "पुष्कळ," मी म्हणालो.

मथुरा वाचली. अकरा दिवस तिथं होती.

सहाव्या दिवशी बक्षी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. सरकारी कामगार अधिकारी चौकशीला येणार होते. कागदावर लिहिलं होतं की श्रीमती पगारे यांचा आजार जुना असून त्यांनी त्याबाबत कोणत्याही अधिकाऱ्याकडं कधीही तक्रार केलेली नव्हती. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"हॉलशी तुझा रोजचा संबंध, म्हणून तुझी सही," ते म्हणाले. "रूटीन आहे."

मी उभाच होतो. "तिनं मला सांगितलं होतं, साहेब."

"काय?"

"तीन वेळा. पाय दाखवला होता."

"लेखी?"

"तोंडी."

"मग नाही सांगितलं." त्यांनी पेन पुढं केलं. आवाज चढवला नाही, उलट जरा प्रेमानंच बोलले. "गर्गे, तुझी परवा पुण्याला मुलाखत आहे. तुला साखर आहे, घरी बायको आहे. त्या बाईला आपण हलकं काम देऊ, खर्च देऊ. पण हे तू लिहून दिलंस तर पहिलं बोट तुझ्याकडं येईल. बिल्ला कुणाचा, हे विचारतील ना ते."

"विचारतील."

"मग?"

खरं तर पळून जावंसं वाटत होतं, त्या भंगाराच्या रस्त्यानं थेट फाटकाबाहेर. त्याऐवजी मी समोरची खुर्ची ओढली आणि बसलो. कोरा कागद मागून घेतला. वेळ टिपायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळं काही आठवावं लागलं नाही. पहिल्यांदा सतरा मार्चला, दुपारी बारा वाजून चौदा मिनिटांनी. दुसऱ्यांदा एकतीस मार्चला, चहाच्या वेळी. तिसऱ्यांदा बावीस एप्रिलला, बारा वाजून सोळा मिनिटांनी. त्या वेळी श्रीमती पगारे वैद्यकीय सल्ल्यानुसार चालत असताना मी त्यांना जागेवर बसण्यास सांगितलं. शेवटी लिहिलं की बिल्ल्याची पद्धत मी सुचवलेली आहे. सही केली. ड्रॉवरमधलं टिपण आणून त्याला जोडलं. आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवली, ती कामगार अधिकाऱ्यांच्या हातात मी स्वतः दिली.

बक्षी साहेब एवढंच म्हणाले, "तुला हे भोवेल."

भोवलं. पुणं गेलं. जूनमध्ये माझी स्टोअरला बदली झाली आणि दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. जुलैपासून हॉलमधले बिल्ले बंद झाले. दर तासाला एकेक रांग पाच मिनिटं उठून पिवळ्या पट्ट्यावरून चालायला लागली. ती योजना बक्षी साहेबांच्या नावानं लागू झाली, आणि तिचं सगळीकडं कौतुक झालं. आकडेही तसेच आले, मी लिहिले होते त्याहून थोडे जास्तच.

जुलैतल्या एका गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि मथुराच्या घरी गेलो. अशोकनगरच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. ती दारातच तांदूळ निवडत बसली होती, पायाला जाड पट्टा गुंडाळलेला. कंपनीनं देऊ केलेलं हलकं काम तिनं नाकारलं होतं. त्या फाटकातून आत जाववत नाही, असं तिनं बेंडकुळेला कळवलं होतं.

"या," ती म्हणाली. आत जाऊन चहा टाकला. मी सतरंजीवर बसलो. तिथं पोहोचेपर्यंत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं.

"तुम्ही लिहून दिलं ते कळलं मला," तीच म्हणाली. "रांगेतल्या बायका येऊन गेल्या. चालतात म्हणे आता सगळ्या. बरं झालं."

"मथुराबाई, त्या दिवशी मी..."

"नका बोलू ते." तिनं कप माझ्यापुढं सरकवला. "तुम्हाला वाटत असंल, मी माफ केलं म्हणावं. म्हणवत नाही साहेब. पाय रोज दुखतो. सकाळी जमिनीवर टेकला की पहिल्यांदा तुम्हीच आठवता. खोटं कशाला बोलू?"

मी चहा प्यालो. तिनं खोलीतलं घड्याळ बघितलं आणि उठली. रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगी ड्युटीवर असायची तेव्हा ती एकटीच जायची.

"मी येऊ बरोबर?" मी विचारलं.

ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"नको," ती म्हणाली. "आज नको."

मी दारात उभा राहून तिला जाताना बघितलं. एका हातानं भिंतीचा आधार घेत, पाच पावलं टाकून थांबत, पुन्हा पाच पावलं. कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तेव्हा मी सायकल काढली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो. तेव्हाही ती नको म्हणाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी गेलो तेव्हा ती दाराला कडी लावत होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. पायरी उतरली आणि चालायला लागली, आणि मी सायकल तिच्या दाराशी टेकवून दोन हात अंतर ठेवून तिच्या मागून निघालो. ती थांबली की मी थांबायचो.